तक्रार नाही, फक्त चहा

...आणि वर विचारतात, "तुमची काही तक्रार आहे का?" आमच्या घरी! इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये! तुम्हाला सांगते, इथे छप्पर उडून गेलं तरी माणूस म्हणतो, "तक्रार नाही, हवा तरी खेळते!"

होरेस आजोबा हॉस्पिटलात वारले. पूर्वी काय, डॉक्टरने सही केली की झालं. आता नवा कायदा! उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारण लिहायचं, दुसऱ्या तिऱ्हाईत डॉक्टरने ते तपासायचं, घरच्यांना फोन करून विचारायचं, मगच पुढचं सगळं. तोवर आजोबा तिथे शीतगृहात, आणि आम्ही इथे फोनभोवती...

आला एकदाचा त्या तिऱ्हाईत डॉक्टरबाईंचा फोन; स्पीकरवर लावला. दर आठवड्याला बसवाल्यांशी भांडणारा माझा क्लिफर्ड मामा लगेच मऊ! "छे छे, तक्रार कसली? सगळे फार चांगले वागले हो!" आई म्हणाली, "फारच!" मी गप्प. मी नेहमीच गप्प असते.

आजीने आधी केस सारखे केले... फोनवर बोलायला, बरं का! मग म्हणाली, "तक्रार नाही, डॉक्टरबाई. फक्त तो चहा... खळीसारखा घट्ट! माझ्या नवऱ्याला असला चहा? मी आपला घरून थर्मासमध्ये न्यायचे, नर्सची पाठ वळली की द्यायचे. ह्यांना ठसका लागायचा, पण कसे हसायचे!"

मामाचं बिस्कीट हातातच राहिलं.

"मिसेस अॅक्रॉइड," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना पातळ काही नीट गिळता येत नव्हतं. फुप्फुसात जाईल म्हणून चहा मुद्दाम घट्ट करत होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही... म्हणजे, मी...?"

"न्यूमोनिया ते घेऊनच आले होते. मी एक्स-रे पाहिलेत. तुमच्या चहाने ते गेले नाहीत. पण तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमची तक्रार म्हणून लिहू?"

तुम्हाला सांगते, तक्रार! जन्मात न केलेली गोष्ट!

"लिहा," आजी म्हणाली. "...पण त्या पोरींना रागावू नका हं. फार दमतात बिचाऱ्या."

दफन झालं. चर्चच्या हॉलमध्ये सँडविच आले, चहा आला. आजी कपात नुसती बघत बसली. मामाने भीत भीत विचारलं, "आई, चहा कसा झालाय?"

"तक्रार नाही," आजी म्हणाली आणि कप खाली ठेवला. "जरा पातळ आहे, एवढंच."