दीड तासावरचं कंदीलफूल

(डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीजवळ बस उभी. दारात गुडघ्याला पट्टा बांधलेल्या निवृत्त शिक्षिका. समोर दगडावर म्हातारा वाटाड्या. सहलीची मंडळी त्याच्या सुनेबरोबर गेलेली.)

वाटाड्या : ...आणि शेवटच्या कड्यावर तर, बाई, माकडंसुद्धा काठी टेकत जातात!

बाई : थापा पुरे, मामा. तीस वर्षं कंदीलफूल फळ्यावर काढलं मी. पुस्तकात दोन ओळी, चित्र नाही. डोळ्यांनी एकदा बघायचं होतं, तर हा गुडघा! फोटोही काढू देत नाही म्हणे तुमची सून.

वाटाड्या : फोटोवरून जागा कळते.

बाई : थांबा. कोण हसलं?

वाटाड्या : मोर असेल.

बाई : माझी भाची आहे ती! दीड तासापूर्वी डोंगर चढायला गेलेली पोरगी टाकीमागे काय करतेय?

वाटाड्या : डोंगरात आवाज फिरतो, बाई. एकदा मी शिंकलो, ती शिंक तिसऱ्या दिवशी परत येऊन—

बाई : मामा!

वाटाड्या : ...हळू बोला, ड्रायव्हर जागा होईल. फूल टाकीमागेच, वीस पावलांवर आहे. आधी सरळ न्यायचो. दुसऱ्या दिवशी लोक खुरपी घेऊन हजर! चाळीस कंद होते, नऊ उरले. आता सून लोकांना डोंगराला वळसा घालून ओढ्यातून इथे आणते, तशीच परत नेते.

बाई : आणखी दीड तास? बिचारी माझी भाची!

वाटाड्या : तुम्ही सांगणार तिला. शिक्षकांच्या पोटात काही राहतं का?

बाई : नाही राहत. हे राहील.

वाटाड्या : ...गेली मंडळी. धरा हात. सावकाश.

बाई : अगंबाई! एवढंसं? आणि हे ताठ उभं आहे!

वाटाड्या : मग कसं असणार?

बाई : मी लोंबतं काढायचे. कंदील म्हटल्यावर लोंबणारच, नाही का? एका मुलीनं उभं काढलं होतं, मामा. मी अर्धा मार्क कापला.

वाटाड्या : तिनं पाहिलं असेल.

बाई : हो. तिनं पाहिलं असेल... थांबा हो जरा. बघू द्या.

वाटाड्या : बघा, बघा. मग बसमध्ये बसून दीड तास काही न पाहिल्यासारखं तोंड करायचंय.

(दीड तासाने मंडळी बसजवळ परततात.)

भाची : आत्या, मेले गं! पायांचे तुकडे पडले. पण तू यायला हवं होतंस!

बाई : कसं होतं गं? लोंबतं?

भाची : छे, ताठ उभं! चुकीचं शिकवलंस आम्हाला.

बाई : अस्सं? आणि होतं कुठे?

भाची : कुठल्या कुठे! पुन्हा जा म्हणालीस तरी सापडायचं नाही.

बाई : मामा, पाणी द्या हो तिला. फार लांबून आलीय.