मागच्या दारानं आलेले हकीमसाहेब

सन्माननीय सभाध्यक्ष श्रीमंत धुळाजीराव देशमुख, त्यांच्या शेजारी बसलेले आजचे सत्कारमूर्ती हकीम इलियाससाहेब, पेठेतले व्यापारी, आणि सतरंजीवर जागा उरली नाही म्हणून धर्मशाळेच्या दारात ताटकळत उभे असलेले बंधुजन,

मी उत्तरेश्वर, पेशानं वकील. बोलण्यावरच माझं पोट चालतं, तरी आज जीभ जड झाली आहे. 'चार शब्द गोड बोला,' असं मला बजावलं गेलंय. हकीमसाहेब केजला आले तेव्हा काळ्याभोर केसांचे होते, आज पांढरी दाढी घेऊन धारूरला लेकीकडे, आमिनाबीकडे, चालले आहेत. त्यांचा कडू काढा नाक दाबून प्यायला नाही असा इथं कोण आहे? निमंत्रणात छापलंय की ते 'प्रकृतीच्या कारणास्तव' गाव सोडत आहेत. कोणाच्या प्रकृतीच्या, ते मात्र छापायचं राहिलं.

आपल्याला आठवत असेल, त्यांच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून आपण लढाईच्या बातम्या ऐकायचो. पुण्याचं वर्तमानपत्र मी वाचायचो, हकीमसाहेब समजावून सांगायचे. ग्रीस हा लहानसा देश, तुर्कस्तान त्याचा शेजारी, तिथला सुलतान म्हणजे मुसलमानांचा खलिफा. दोघांचं जुनं वाकडं. त्यात इंग्रजानं ग्रीसच्या पाठीवर हात ठेवला, जा पुढं म्हणाला, आणि ग्रीस खलिफाच्या मुलखात घुसला. हिंदू काय, मुसलमान काय, आपण सारेच तापलो होतो. अशात एक दिवस आप्पा तेल्यानं विचारलं, "हकीमसाब, ह्यो ग्रीस मंजी कोन हो?"

हकीमसाहेबांनी सरळ मनानं सांगितलं, "अपने में उसकू युनान बोलते."

झालं! सगळ्यांच्या माना वर गेल्या. डोक्यावर पाटी होती, 'युनानी दवाखाना'. त्या दिवशी जो पहिल्यांदा हसला, तो मी.

थट्टा तिथंच विरली असती. पण हकीमसाहेब आणि शेजारचे ख्वाजाभाई अत्तार यांची मधल्या ओट्यावरून कुरबूर होती. शेजाऱ्यांत असते तेवढीच; सकाळी भांडायचे, दुपारी एका कपात चहा प्यायचे. अध्यक्षमहाराज, आपण तेव्हा ख्वाजाभाईंना म्हणालात, "वटा तुजाच हाय, ख्वाजा. मागं हटू नगं, मी हाय." आपण थोर माणूस. आपण 'मी हाय' म्हटल्यावर गरिबाला वाघाचं बळ येतं. ख्वाजाभाई बाजारभर सांगत सुटले की दुश्मनाची पाटी, दुश्मनाचीच दवा. चार दिवसांत पाटीवर डांबर फासलं गेलं. कोणी फासलं, हे मी विचारत नाही. दोघेतिघे आत्ता खाली पाहतायत, तेवढं पुरे.

हकीमसाहेब हात जोडून सांगत होते, "बाबांनो, ये इलम कब का युनान से आया, अब खाली नाम रह गया. मैं खुद खलिफा के वास्ते दुआ मांगता." ऐकतो कोण? दवाखाना ओस पडला. आणि हकिमाची चिठ्ठीच नाही, तर अत्ताराकडून औषधी पाला कोण नेणार? ख्वाजाभाईंचीही चूल थंडावली. ते आपल्याकडे धावत आले, तेव्हा आपण म्हणालात, "मी कुटं काय मनलो?"

आज त्याच मधल्या ओट्यापुढं आपली छकडी सुटते आणि ओट्यावर आपला गडी झोपतो. बसा, अध्यक्षमहाराज, उठू नका. मी कोर्टात नाही, आणि आपल्यापेक्षा माझीच लाज मोठी आहे. तीच सांगायची राहिली आहे.

तिकडं तुर्कांनी ग्रीसची फौज समुद्रापर्यंत रेटली, तेव्हा इंग्रजांची जहाजं बंदरात उभी राहून पाहत होती म्हणे. आपण इथं पेढे वाटले. हकीमसाहेबांच्या दारावरून वाजतगाजत गेलो. त्यांच्या हातावर पेढा ठेवला कोणी? मी नाही ठेवला.

त्याआधीची गोष्ट. आमच्या सौभाग्यवती शिवकन्याबाईंना ताप भरला आणि काही केल्या उतरेना. मी हकीमसाहेबांना निरोप धाडला, पण कसा? मागच्या दारानं या, लोक बघतील. तिन्हीसांजेला ते आले. आडाजवळ थांबून म्हणाले, "वकीलसाब, जरा पानी देव. जूते कू गोबर लग्या."

मी तांब्या आणून दिला. त्यांनी खाली वाकून जोडे धुतले, मग आत येऊन नाडी पाहिली. ताप उतरला. माझ्या डोक्यात मात्र दुसऱ्या दिवशी उजेड पडला. आमच्या परसात शेण आलं कुठून? आमच्याकडे साधी शेळीसुद्धा नाही, आणि मागच्या बोळात गुरं शिरत नाहीत! म्हणजे हकीमसाहेब आधी दुसऱ्याच कोणाच्या तरी मागच्या दारी जाऊन आले होते. गोठे कोणाकोणाकडे आहेत, हे केजकरांना मी सांगायला नको. सगळ्यांत मोठा कोणाचा, तेही नको. मी त्यांना विचारलं, तर हसून म्हणाले, "बुखार सब के घर में है, वकीलसाब. नाम नक्को पूछो."

त्यांनी नाव घेतलं नाही. माझंही दुसऱ्या कोणाकडे घेतलं नसणार. दिवसा त्यांना दुश्मन म्हणायचं आणि अंधार पडू लागला की गोठ्यातून आत घ्यायचं, असे आपण लोक. वर आज त्यांना हार घालतोय. खरं सांगतो, मघाशी तो हार माझ्या हातात दिला तेव्हा मान वर करवेना.

धर्मशाळेच्या पंचांनी जागा दिली, माळ्यानं फुलं दिली, अध्यक्षमहाराजांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, सर्वांचा आभारी आहे. भाषणात कोणाला काही लागलं असेल, तर ते लागू द्या. माफी मला एकाच माणसाची मागायची आहे, आणि शब्द विकणं हा माझा धंदा असल्यामुळे ती नुसत्या शब्दांत मागायला माझंच मन घेत नाही.

हकीमसाहेब, आपली गाडी आता भर पेठेतून जाईल. माझं घर वाटेवरच आहे. आज पुढचं दार सताड उघडं आहे, शिवकन्याबाई उंबऱ्यात उभ्या आहेत. सगळ्यांच्या देखत एकदा त्या दारानं आत या. आपले जोडे मी धुतो.