शेरूची बाज

कुत्र्याले बाजेवर झोपू देते म्हनून माह्या बायकोले हसू नका, सुरुवात मीच केली. अहेरीकडं मी जंगलखात्यात नाकेदार होतो. तिथी अंगनातलं कुत्रं बिबट उचलून नेई, म्हनून आमचा शेरू माह्याच बाजेवर पायथ्याशी झोपे.

मंग लगन झालं. नागभीडची बायको पयल्याच दिवशी दारात थबकली. "हा बाजेवर काऊन?"

"बाहेर ठेवला तं बिबट नेते त्याले."

"मंग मी कुठी झोपू?"

माह्या तोंडून निघून गेलं, "ओसरीत झोप. बिबट मानसाले नाई नेत."

तिनं माही सतरंजी उचलली अन् ओसरीत टाकली.

महिन्याभरानं सासरे आले. ओसरीत माहं अंथरून पाहून म्हनले, "जवाईबुवा, बाहेर काऊन?"

आतून बायको म्हने, "बाबा, बिबट मानसाले नाई नेत. हे त्यायचंच म्हननं हाय."

सासऱ्यानं आत डोकावलं. शेरू बायकोच्या उशीवर डोकं ठेवून घोरून राह्यला होता. मले वाटलं, आता पोरीले दोन शब्द सुनावतीन. पन त्यायनं आपलं गाठोडं सोडलं अन् माह्या बाजूले चादर अंथरली.

"सवय हाय मले," ते म्हनले. "आमच्या घरी मांजर हाय."