आयतवारच्या फोनापुरतं इंग्रजी

माझं म्हायेर आटपाडीकडचं, ताई. नाव शालन, ते आज्जीनं ठिवलेलं. बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा आन् आई मिळंल त्या कामाला जायची, आमी भावंडं तशीच वाडलो, कोन शिकवनार, कोन इचारनार, तरी मी सातवीपत्तूर गेले, मराठी वाचाय येतं मला, एस्टीची पाटी बिटी समदं वाचते. माझ्या आईची दोन पोरं लागोपाट गेली. म्हनून तिसरा झाला तवा त्येचं नाव दगडू ठिवलं, आन् आईनं त्येला जल्मात कवा चांगलं म्हनलं न्हाई. कुनी म्हनलं, आवं पोरगं गुटगुटीत हाय तुमचं, की आई लगीच म्हनायची, कशाचं गुटगुटीत, माकडतोंड्या हाय नुसता, आन् पदराआड बोटं मोडायची. दगडू आज साठीला आलाय, नातवंडं हायत त्येला. आता त्यो नावामुळं जगला का नशिबानं, ते मला ठावं न्हाई, पन आमच्यात आसंच हाय. आपल्या लेकराला आपुन चांगलं म्हनायचं न्हाई. परक्याची नजर एक येळ परवडली, मायेची नजर लय वाईट लागती म्हनत्यात.

लगीन होऊन मी कुपवाडला आले. मालक एमआयडीसीत लेथवर हुते. संतोष आमचा एकुलता एक. त्यो बारावीत आसताना मालक गेले, छातीत कळ आली आन् संपलं. मंग मी बेदाना निवडायच्या शेडात जाया लागले, आजून बी तितंच हाय. हिरवा येगळा, पिवळा येगळा, काळा पडलेला येगळा, काडी-देठ काडून टाकायचं, बसून बसून कंबर धरती पन हाताला सवय हाय. त्यावर पोरगा शिकला, पुन्याला नोकरीला लागला, तितनं कंपनीनं इंग्लंडला धाडला. तितं त्येनं तिकडचीच पोरगी केली, हॅना. गोरीपान. मला वाटलं ही कसली आपल्यात बसती, पन खोटं कशाला बोलू, पोरगी सोन्यावानी हाय. एकदाच आली हुती, रोहन, माझा नातू, नुकता चालाय लागला हुता तवा. माझ्याजवळ मांडी घालून भाकरी थापाय बसली. भाकरी काय झाली न्हाई, ते सोडा.

मंग दोगांचं बिनसलं. का, ते मला आजून कुनी सांगितलं न्हाई. संतोष दुसऱ्या गावात ऱ्हातो, पोरगं आईकडं. पयलं आयतवारी फोन लागायचा तवा संतोष मदी बसायचा, रोहनचं मला मराठीत सांगायचा, माझं त्येला इंग्रजीत. आता मदलं मानूसच गेलं. पन हॅनानं फोन सोडला न्हाई, बघा. दर आयतवारी, आपली दुपार आन् त्यांची सकाळ, ती फोन लावती आन् पोराला म्होरं बसवती. त्यो म्हनायचा, हाय आज्जी. मी म्हनायची, हाय रोहन. आन् मंग दोगं एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसायचो. त्यो हसायचा, मी हसायची, हळूहळू त्येचं हसनं कमी हुया लागलं, खेळन्याकडं बघाया लागला. मला भ्या पडलं. आज सात वर्साचं हाय, उद्या मोटं हुईल, मुक्या आज्जीसंगट कोन बसंल.

आमच्या गल्लीत प्राजक्ता हाय, शेजारच्यांची सून, घरातच इंग्रजी बोलायचा क्लास घेती. तिला म्हनलं, पोरी, मला आयतवारच्या फोनापुरतं इंग्रजी शिकीव. ती म्हनली, मावशी, व्याकरनाच्या नादाला लागू नगा, मी तुमाला जोड्या देते, तेवड्या पाठ करा. म्हंजे कसं, एक काम आन् त्येच्यासंगट चालनारा त्येचा शब्द, नवरा-बायकोगत, ह्येचा त्येला चालत न्हाई. अभ्यास आसंल तर डू, डू होमवर्क. केक आसंल तर मेक. फोटू टेक. आंगूळ हॅव. मैतर मेक करायचं, सर्दी कॅच करायची. मी म्हनलं, आगं सर्दी काय चेंडू हाय का झेलायला. ती म्हनली, आन् आपुन मार खातो, हवा खातो, ते काय ताटात वाडून घेतो व्हय.

पन डोक्यात ऱ्हाईना वो. शेडात बेदाना निवडताना तोंडानं चालूच, डू होमवर्क, मेक फ्रेंड्स, टेक अ बस. बायका म्हनायच्या, शालनबाय कुनाला शिव्या देतीया. बेदान्याचं कसं, हातात घेतला की कळतं कुठल्या क्रेटात टाकायचा. ह्या शब्दांचं तसं काय बी कळत न्हाई. हितं मेक का आन् तितं डू का, इचारलं तर प्राजक्ता म्हनायची, का-बिका न्हाई मावशी, तसंच हाय. सकाळी पाठ केलेलं सांजच्याला गेलेलं. लय रडू यायचं. पन एका आयतवारी मी म्हनलं, रोहन, डिड यू डू युवर होमवर्क, आन् पोरगं जागच्या जागी उडालं, आईला हाका मारल्या, आज्जी इंग्रजी बोलती म्हनून. तवापास्नं त्यो मला समदं सांगाया लागला, शाळा, मैतर, कुत्रं, काय काय. मला त्यातलं निम्मं कळायचं न्हाई. पन सांगायचा की.

आन् मंग ते झालं. आयतवारच हुता. पोरगं पोहून आलं हुतं, केस वलं, गाल लाल, म्होरचं दोन दात पडलेलं, आन् गळ्यात मेडल. फोनच्या पार जवळ आलं. ताई, त्यो लय देखना दिसत हुता. माझा जीवच भरला, आन् जीव भरला की भ्या वाटतं, आता नजर लागनार, माझीच लागनार. मंग आई जे म्हनायची तेच तोंडात आलं. आन् माझं नशीब बघा, त्याच आठवड्यात प्राजक्तानं लुक लाइकची जोडी दिली हुती, कोन कुनावानी दिसतं त्येची. कुठं न अडखळता मी म्हनलं, यू लुक लाइक अ मंकी, व्हेरी अग्ली मंकी. आन् दोन्ही हात फोनवरनं ववाळून माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

पोरानं मेडल मुठीत धरलं आन् उठून गेलं. मला वाटलं लाजलं. मी त्या दिवशी लय खुशीत हुते, प्राजक्ताच्या दारात जाऊन सांगितलं, आज धडाधडा बोलले बघ. काय बोलले ते तिनं इचारलं न्हाई, तिचा क्लास चालू हुता.

म्होरल्या आयतवारी फोनवर नुसती हॅना. रोहन बिझी हाय म्हनली. त्येच्या म्होरल्या आयतवारी बी तेच. मंग तिनं मेसेज धाडला, मोटा, त्यो प्राजक्तानं मला वाचून सांगितला. हॅनानं लिवलेलं, मला ठावं हाय तुमच्या मनात वाईट नसंल, पन शाळंत दोन पोरं रोहनला त्येच्या रंगावरनं ह्याच नावानं हाका मारत्यात, आन् आता त्यो म्हनतो, आज्जीला बी मी तसाच दिसतो. प्राजक्ता म्हनली, मावशी, आवं आसं का म्हनला तुमी.

दोगींनी मिळून उत्तर लिवाया घेतलं. मी म्हनलं, तिला सांग, नजर लागू नये म्हनून म्हनलं. नजरंसंगट कुठला शब्द जातो, मेक, का टेक, का हॅव. प्राजक्ता म्हनली, मावशी, ह्येची जोडी मला तरी ठावं न्हाई वो. मंग तिनं आपल्या मनानं चार वळी लिवल्या, आमच्यात रीत हाय, जीव लय आसला की वाईट बोलत्यात. हॅनाचं उत्तर आलं, मला समजलं, पन त्यो ल्हान हाय, थोडं थांबा. संतोषला फोन केला, म्हनलं, बाबा, तू सांग त्येला, तुला तर मी जल्मभर माकडच म्हनलं की. त्यो म्हनला, आई, माझ्याशीच त्यो धड बोलत न्हाई, मी कुठल्या तोंडानं सांगू. आन् ठिवला फोन.

प्राजक्ता म्हनली, मावशी, आता एकच हाय. त्यो फोनवर आला की त्येला तोंडावर चांगलं म्हना. यू लुक व्हेरी नाइस. बास, तेवडंच. काय सांगू तुमाला, समदं इंग्रजी एकीकडं आन् हे एक वाक्य एकीकडं. शब्द समदं वळखीचं, पन तोंडातनं निगंना. उभ्या जल्मात मी कुनाला, पोटच्या पोराला बी, आसं म्हनलं न्हाई. शेडात हळूच म्हनून बघायची, तर आंगावर काटा यायचा.

मंग एका आयतवारी हॅनानं त्येला समजावून आनलं. अर्धाच दिसत हुता, एक डोळा आन् एक कान. मी म्हनलं, रोहन, यू लुक व्हेरी नाइस. त्यो वाईच मदी सरकला. नवा दात दावला, निम्मा वर आलेला. मी परत म्हनलं, व्हेरी नाइस. पोरगं हसलं, ताई. आन् चार दिसांनी मेसेज, रोहनला सर्दी-ताप हाय. कॅच अ कोल्ड, जोडी मला लगीच कळली. प्राजक्ता म्हनली, मावशी, तिकडं थंडी लय, समद्याच पोरांना झाली आसंल. मला काय कळत न्हाई व्हय ते. कळतंय की. पन जीव मानत न्हाई त्येला मी काय करू. वाईट बोलावं तर लेकरू तुटतंय, चांगलं बोलावं तर माझं काळीज थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. शेडातल्या बायका म्हनल्या, फोनवरनं मीठ-मोहऱ्या उतर. उतरल्या. आता हितं उतरलेलं इंग्लंडात पोचतं का, कुनाला ठावं.

पोरगं बरं झालं. आता दर आयतवारी येतं, चित्रं दावतं, दात दावतं, आन् वाट बघतं मी काय म्हनते त्येची. मी म्हनते, व्हेरी नाइस. पन म्हनायच्या आदी डोळं मिटून घेते. नजरच न्हाई तर लागंल कशी. त्येला वाटतं आज्जी लय मनापास्नं हसतीया, म्हनून त्यो बी तिकडं डोळं घट्ट मिटून हसतो. हे मला प्राजक्तानं सांगितलं, ती बसती कवा कवा बाजूला. आठवडाभर मी ज्येची वाट बघते, त्येला नेमकं हसताना मी बघत न्हाई. आसू दे. लेकराला औक्ष मिळू दे, मी न्हाई बघितलं तरी चालंल.