चौकोनी भोकाचं नाणं

या, असे जवळ सरका. जुन्या नाण्यांच्या दुकानात रांगेत कानी पडलेली गोष्ट सांगतो. धाकटा दीर वहिनीला घेऊन आला होता.

“आईच्या नाण्यावर चार अक्षरं होती, हा फोटो बघा. यावर दोनच! वहिनी, खरं नाणं कुठंय?”

“भाऊजी, आईंनी दिलं ते हेच.”

“अहो, हे चौकोनी भोकाचं नाणं अस्सल जुनं चिनीच आहे,” दुकानदार म्हणाला. “अशा नाण्यांच्या मागच्या बाजूला दोनच अक्षरं असतात. डबीतून काढून कधी उलटं केलंत?”

“नाही.”

“मग करा.”

चारही अक्षरं समोर आली. दिराला मान वर करवेना.

“वहिनी, मी सगळ्या भावकीत तुम्हाला चोर म्हणालो...”

“राहू द्या. नाणं नीट डबीत ठेवा.”

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या वहिनीमाउलीचीही आठवण ठेवा.