बैलांच्या मलमाची वाटणी

पालम, ता. १ सप्टेंबर १९८९. नाव दिनकर काशीनाथ पिंगळीकर, वय २९ वर्षे, धंदा पशुवैद्यक शाखेतील संशोधक विद्यार्थी, राहणार परभणी. स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की,

गाय व्याल्यावर येणाऱ्या चिकात प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांनी जखमेत नवे मांस लवकर भरते का, हे मी दीड वर्ष शोधत आहे. लोक चिकाचा खरवस खातात, मी त्याचे मलम केले. ते एक डबीभर निघाले.

येथील शेतकरी माणिकराव शिंदे यांच्या चंद्र्या व हरण्या या बैलांचे खांदे कोळपणीत जुवाने सोलले होते. ता. १० ऑगस्ट रोजी मी त्यांच्या पत्नी बायनाबाई, वय ६०, यांच्याकडे दोन डब्या दिल्या. लाल झाकणाचे मलम चंद्र्याला, पांढऱ्या झाकणाचे साधे व्हॅसलीन हरण्याला, रोज सकाळी. कोणत्या डबीत काय आहे हेही मी समजावून सांगितले. तेवढी अक्कल मी वापरायला नको होती.

दर चौथ्या दिवशी एस.टी.ने येऊन मी जखमा मोजल्या. दोन्ही सारख्याच आटत होत्या. ता. ३० रोजी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला लोणी-हळद लावताना माणिकरावांना दोघांच्याही खांद्यावर जखम सापडेना. घरात आनंदीआनंद झाला. मला रडू आले, कारण माझे औषध व्हॅसलीनच्याच लायकीचे ठरले. मी लगेच माझ्या मार्गदर्शक सरांना तार केली: औषध निरुपयोगी.

काल पोळ्याला माणिकरावांनी मला जेवायला बोलावले. पुरणपोळी वाढताना बायनाबाई म्हणाल्या, "डाक्टर, एका जुवाखालची दोघं. एकाला औषध अन् एकाला नुसतं चोपडायचं, माझा हात धजंना. पयल्याच दिशी दोन्ही डब्या एका वाटीत कालवल्या. तुमी नाराज व्हताल म्हणून बोलले न्हाई."

आता जखमा मलमाने भरल्या की आपोआप, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण प्रयोग फसला नसून मोडला, हे सरांना पटायला शिक्क्याचा कागद हवा. नुसते माझे बोलणे ते सबब समजतील व प्रबंध बंद करतील. म्हणून मी आलो. हवालदार मुंजाजी गरुड म्हणाले, "गुन्हा असंल तर नक्कल मिळंल. चोरी लिवू का?" मी लिहा म्हणालो.

बायनाबाई आपणहून सोबत आल्या होत्या. त्या बाकावरून उठल्या व अंगठा पुढे करून म्हणाल्या, "घाला माझं नाव, सायेब. पर औषध लय गुणाचं हाय, हे बी लिवा. पोराचं नुसकान नगं."

मला माझीच लाज वाटली. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. नक्कल नको. चीक पुन्हा जमवीन, वर्ष जाईल, सर काय म्हणायचे ते म्हणोत.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. माथ्यावरच्या 'बैलांच्या मलमाची चोरी' या विषयातला 'चोरी' हा शब्द माझ्या विनंतीवरून खोडला. त्या जागी काय घालावे असे हवालदारांनी विचारता बायनाबाईंनी 'वाटणी' सांगितले, तेच घातले आहे.

सही: दि. का. पिंगळीकर