आज्याचा घास

सर्वपित्रीच्या दुपारी पनवेल स्टँडवर माझ्यापुढे रांगेत एक म्हातारी आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. तिच्या हातात कावळ्यासाठी वाढलेलं पान तसंच झाकलेलं होतं.

"भामाताय, तलावावर पन कावला नाय आला. आता गाईला घाल नि चल घरी."

"गाईला नाय, जगन. आज्याचं पान हाय. दर साली त्याच्याच पानावर कावला पयला यायचा."

"आज्याला जाऊन जमाना झाला."

"इंग्रजांच्या टायमाला बांबूला शिडाचं कापड बांधून टेकडीवरून उडाला तो. पार मिठागरापर्यंत गेला."

"नि दोनी पाय मोडून घेतलं. सगला गाव हसला."

"हसूंदे. लंगडा झाला तरी रोज दारात बसून कावल्यांना भात घालायचा, त्यांचं पंख बघायचा. म्हनायचा, पुढच्या खेपेला चुकनार नाय."

"आता ती टेकडी पन ऱ्हायली नाय. एअरपोर्टसाठी फोडली."

"आपला नवा फ्लॅट आज्याला कसा ठावा असंल? तो जुन्या घराकडंच गेला असंल."

"ताय, तिथं आता धावपट्टी हाय."

"असूंदे. बसंल तिथं वाट बघत."

"बसू देत नाय. विमानाच्या आड येतात म्हनून पाखरं दिसली का फटाके वाजवून हाकलतात."

"म्हंजे सकालपासून आज्याला हाकलतायत?"